‘पण’च्या पुढचा अर्धा

लग्न होऊन पुण्याहून बंगळुरूला आले तेव्हा मी अगदी निर्धास्त होते. सासरची माणसं घरात मराठीच बोलणारी, मग भाषेची कटकट कसली? कसलं काय! पहिल्याच आठवड्यात सासूबाईंना विचारलं, "संध्याकाळी बाजारात जायचंय ना आपल्याला?" त्या म्हणाल्या, "खंडित." मी समजले, बेत बारगळला. आरामात केसांना तेल चोपडून बसले. पाच वाजता बघते तर या पिशवी घेऊन दारात उभ्या. "अय्यो, अजून तयार नाहीस?"

नवरा हसून हसून लोळायचा बाकी राहिला. मग त्याने सांगितलं, कन्नडमध्ये खंडित म्हणजे नक्की, अगदी खात्रीने. आमचं पुण्याचं खंडित म्हणजे तुटलेलं, मध्येच थांबलेलं. यांचं खंडित म्हणजे त्याच्या बरोब्बर उलट. सीमेकडच्या गावातून हे कुटुंब इथे आलं त्याला तीन पिढ्या झाल्या. आधी चामराजपेटेत, मग राजाजीनगरात. मराठी टिकली, पण इथलं पाणी लागून टिकली. सासूबाईंना घरात सगळे अक्का म्हणतात. त्यांचा मुलगासुद्धा आईला अक्काच म्हणतो, म्हणून मीही म्हणू लागले.

हा शब्द पुढे काय घडवून आणणार आहे याची तेव्हा कल्पना असायचं कारण नव्हतं. आता मात्र कोणी ‘खंडित’ म्हणालं की मला जिना आठवतो, आणि त्या जिन्यावरून एक एक पायरी आडवी उतरणाऱ्या अक्का आठवतात.

आम्ही ख्रिस्ती. माझं माहेरही ख्रिस्तीच, पण आमच्याकडे पवित्र शास्त्र रविवारी उघडायचं आणि इतर दिवशी त्यावरची धूळ पुसायची. अक्कांकडे तसं चालत नव्हतं. रोज सकाळी कॉफीच्या आधी शास्त्रातल्या शहाण्या राजाच्या बोधवचनांचा एक अध्याय. जी तारीख, तो अध्याय. महिना संपला की परत पहिल्यापासून. वर्षानुवर्षं हे चालू होतं, आणि मी आल्यावर त्यात मला ओढलं गेलं. सुरुवातीला झोपेतच वाचायचे, खोटं कशाला बोलू?

ज्यांनी ते वाचलंय त्यांना ठाऊक असेल, त्यातल्या बऱ्याचशा ओळींना मधोमध एक ‘पण’ असतो. अलीकडे चांगला माणूस, पलीकडे दुष्ट माणूस. अलीकडे त्याची वाट, त्याची जीभ, त्याचं घर. पलीकडे याची वाट, याची जीभ, याचं घर. आमच्या घरात वाचायची रीत अशी की एकाने ‘पण’पर्यंत वाचायचं आणि दुसऱ्याने ‘पण’पासून पुढे. अक्कांनी पहिल्या दिवशीच पहिला अर्धा मला दिला आणि दुसरा स्वतःकडे ठेवला. मला वाटलं, नव्या सुनेचा मान. सगळे सज्जन माझ्या वाट्याला आणि सगळे दुर्जन त्यांच्या. एकदा मी म्हणाले, "अक्का, आज बदलूया का? सारखं सारखं तुम्हीच कशाला वाइटाचं वाचायचं?" त्या म्हणाल्या, "बेडा बेडा, नको, मला सवय आहे." विषय संपला.

आम्ही वाचायला बसायचो ती दुसऱ्या मजल्यावरची खिडकी थेट अंगणावर उघडते. खाली इमारतीच्या पाण्याची जमिनीतली टाकी, तिला इथे सगळे संप म्हणतात. तिच्यावर कडी असलेलं लोखंडी झाकण. बाजूला जनरेटर. आणि समोर तळमजल्यावरच्या भाडेकरूचं दार.

या माणसाबद्दल काय सांगू! मूळचा कुठला होता देव जाणे, पाच भाषांत भांडायचा. रविवारी संध्याकाळी आमच्याकडे प्रार्थनेला चार माणसं येत. बरोब्बर तेव्हा हा आपली स्कूटर जिन्याच्या तोंडाशी आडवी लावायचा. म्हाताऱ्या बायका पदर सावरत तिच्यावरून पाय टाकून वर यायच्या आणि हा दारात उभा राहून बघायचा. आम्ही गाणं म्हटलं की टीव्हीचा आवाज वाढवायचा. अक्कांनी कुंड्यांना पाणी घातलं तर अंगणातला नळ कुलूप लावून बंद. आणि एकदा तर त्याने कहर केला. साबणाच्या पाण्याने पायऱ्या धुतल्या, पुसल्या नाहीत, कोणाला सांगितलंही नाही. अक्का भाजीच्या पिशवीसकट घसरल्या. गुडघ्याची वाटी फुटली. त्या पायरीवर कण्हत पडल्या होत्या आणि हा बाजूने, टोमॅटो चुकवत, पत्रपेटी बघायला गेला! हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. त्या दिवसापासून अक्का पायरी सरळ उतरू शकत नाहीत. कठड्याला धरून आडव्या उतरतात, एक पाय खाली, मग दुसरा त्याच्या शेजारी.

तेव्हापासून सकाळी वाचताना मी खिडकीकडे तोंड करून बसू लागले. अक्कांचा अर्धा आला की म्हणायचे, "अक्का, जरा मोठ्याने. खाली ऐकू जाऊ दे." दुष्ट आणि दुर्जन हे शब्द कन्नडमध्येही तेच आहेत, म्हणजे न कळण्याचा प्रश्नच नव्हता. अक्का काही आवाज वाढवायच्या नाहीत. उलट त्या अर्ध्याला त्यांचा आवाज आणखीच खाली जायचा. मला वाटायचं, भितात बिचाऱ्या.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी नळाला घासलेटासारखा वास मारायला लागला. दात घासताना तोंडात पाणी घेतलं आणि थूथू करत बाहेर आले. सगळी इमारत जिन्यात जमा झाली. संपचं झाकण उघडलं तर वर तेलकट तवंग. आदल्या संध्याकाळीच तळमजल्याच्या या महाशयांचं पाण्यावरून कडाक्याचं भांडण झालं होतं आणि "बघतोच तुम्ही पाणी कसं पिता ते," असं ते सगळ्यांदेखत ओरडले होते. झालं! त्यात पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं की पहाटे त्यांनी त्याला पांढरा कॅन घेऊन संपच्या दिशेने जाताना पाहिलंय. पुढे पत्र्याची शेड आड आल्यामुळे काय केलं ते दिसलं नाही, पण पाहायला राहिलंच काय होतं?

सोसायटीची कमिटी संध्याकाळी बसणार होती. त्याच्या घराचे मालक व्हाइटफील्डकडे राहतात, त्यांनाही बोलावणं गेलं. सगळ्यांच्या तोंडी एकच. महिनाअखेर जागा खाली करायला लावायची. मी तर मनातल्या मनात पेढे वाटले.

नवरा कामासाठी परगावी होता. मी ऑफिसची तयारी करत होते तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "त्या सेक्रेटरीला सांग, मला विचारायला ये म्हणून. मी पाहिलंय."

"काय पाहिलंत?"

"तो कॅन घेऊन आला, ते पेट्रोल होतं. स्कूटरमध्ये ओतलं आणि घरात गेला. झाकणाला हातही लावला नाही."

माझ्या हातातला डबा तसाच राहिला. मी म्हणाले, "अक्का, तुम्हाला कोणी विचारलंय का?"

"नाही."

"मग?"

"म्हणून तर सांग म्हणते."

मी भडकले. काय वाटेल ते बोलले. त्या गुडघ्याची आठवण करून दिली, रविवारच्या बायकांची करून दिली. म्हटलं, हा माणूस जातोय तर जाऊ दे की, तुम्ही कुठे खोटं बोलताय, नुसतं गप्प बसायचंय. त्या निमूटपणे ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "त्याच्या बापाची चाकाची खुर्ची आहे गं. तळमजला कुठे मिळतो आता?" म्हाताऱ्या वडिलांना तो रोज संध्याकाळी अंगणात आणून बसवायचा, ते खरं होतं. सेक्रेटरींना फोनवर निरोप दिला आणि दार आपटून इंदिरानगरला ऑफिसात गेले. दिवसभर कामात लक्ष नव्हतं.

संध्याकाळी परत आले तेव्हा अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, मंडळी बसलेली, कॉफी फिरतेय. तळमजल्याचं दार अर्धं उघडं आणि त्या फटीतून चाकाच्या खुर्चीचं एक चाक दिसत होतं. सेक्रेटरी मला जिन्यापाशी भेटले. हे नागपूरचे, आयटीतले, माणूस सज्जन. म्हणाले, "वहिनी, काकूंना भेटून आलो वर. त्यांना उतरायचा त्रास नको म्हणून मीच गेलो. आपल्याच भाषेत बोललो, त्यांनाही बरं वाटलं."

"मग?"

"त्यांनी पाहिलं म्हणतात. पण मी विचारलं, काकू, तो आत जाईपर्यंत सगळा वेळ पाहत होतात का? त्या म्हणाल्या, खंडित. म्हणजे वाचता वाचता मधून मधून. त्यामुळे मधे त्याने झाकण उघडलं नाही असं काही म्हणता येत नाही. मी कमिटीला इंग्रजीत तसंच सांगितलं. निर्णय झाला. मालक येतातच आहेत, आले की सांगून टाकू."

मला जे हसू फुटलं ते आवरेना. ओठ दाबून कशीबशी वर पोचले आणि दारातूनच ओरडले, "अक्का! अहो, तुमच्या खंडितने कमाल केली!" आणि सगळं सांगितलं. नागपूरचा माणूस, त्याला काय माहीत इथलं खंडित! मी हसत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. "आता तर देवानेच केलं म्हणा. तुम्ही खरंही बोललात आणि तो जातोयही. तुमच्याकडे कोणी बोट दाखवू शकत नाही."

अक्का हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग मी खरं कुठे सांगितलं? त्याला तर खोटंच कळलं की."

"तो त्याचा दोष!"

"सरी, ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि उठून चपला शोधू लागल्या.

मी आडवी गेले. अगदी दारात उभी राहिले. म्हटलं, उद्या सांगा, मी त्यांना वर बोलावते, फोन करते, पण तुम्ही उतरू नका. त्या म्हणाल्या, "मालक यायच्या आधी जायला पाहिजे. स्वल्प बाजूला हो." आवाज चढवला नाही, पण मी बाजूला झाले. कशी झाले ते मला अजून कळलेलं नाही.

आणि त्या उतरू लागल्या. त्याच जिन्यावरून. कठड्याला दोन्ही हातांनी धरून, आडव्या, एक पाय खाली, मग दुसरा. त्याने धुतलेल्या त्या पायरीवर त्या क्षणभर थांबल्या, दम घेतला आणि परत निघाल्या. मी मागून त्यांचा पदर धरून चालले होते, खांद्यावर ऑफिसची बॅग तशीच. रागाने माझं डोकं फुटायची वेळ आली होती. पण त्या पायरीनंतर राग कुठे गेला कोण जाणे. रोज माझ्या शेजारी बसून हळू आवाजात वाचणारी बाई ही? मी हिला भित्री समजत होते?

खाली सगळ्यांनी खुर्ची पुढे केली. अक्का बसल्या नाहीत. कन्नडमध्येच बोलल्या, म्हणजे परत घोटाळा नको. "मी सेक्रेटरींना खंडित म्हटलं होतं. तो अंगणात आला तेव्हापासून घरात जाईपर्यंत माझी नजर हलली नाही. त्याने झाकणाला हात लावला नाही. खंडित."

कन्नड बोलणाऱ्या एका आजोबांनी कपाळावर हात मारला आणि सेक्रेटरींना शब्दाचा अर्थ समजावला. त्यांचा चेहरा पडला. "सॉरी काकू, मला खरंच वाटलं..." "तुझी चूक नाही रे," अक्का म्हणाल्या.

पण पहिल्या मजल्यावरच्या बाई गप्प बसणाऱ्या नव्हत्या. त्या उसळून म्हणाल्या, "तुमचा पाय कोणी मोडला? याच माणसाने ना? आणि तुम्ही त्याची बाजू घेताय?"

अक्कांनी तळमजल्याच्या दाराकडे पाहिलं. तो आता उंबऱ्यात येऊन उभा होता. त्याच्याकडे बघतच त्या म्हणाल्या, "ते याने केलं. त्याबद्दल विचारा, तेही सांगते. हे याने केलं नाही."

माणसाने एवढं सरळ बोलावं! मोठेपणा नाही, क्षमा केल्याचा आव नाही, त्याच्या एका अपराधालाही सूट नाही. जे केलं ते केलं, जे नाही केलं ते नाही केलं. मी आजवर चर्चमध्ये कितीतरी प्रवचनं ऐकली, पण न्याय हा शब्द मला त्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांमध्ये उभं राहून पहिल्यांदा कळला. हात जोडावेसे वाटले, पण कोणाला जोडायचे तेच कळेना.

मालक आले तेव्हा कमिटीने त्यांना एवढंच सांगितलं की चौकशी चालू आहे. दोन दिवसांनी प्लंबरने संप रिकामा केला, तेव्हा जनरेटरचं डिझेल फुटक्या नळीतून झिरपून भिंतीच्या चिरेवाटे पाण्यात उतरत होतं असं निघालं. प्रकरण मिटलं. तळमजल्याचा तो तिथेच राहिला, अजून आहे. सुधारला वगैरे काही नाही हां. अक्कांचे आभारही मानले नाहीत. पुढच्याच रविवारी त्याची स्कूटर जिन्याच्या तोंडाशी आडवी.

पण मला सांगायचंय ते त्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळचं.

अक्कांचा गुडघा भोपळ्यासारखा सुजला होता. मी रात्री लेप लावला होता, सकाळी पट्टी बांधून दिली. त्या खिडकीशी खुर्चीत बसल्या, पाय स्टुलावर. मी शास्त्र उघडलं, त्या तारखेचा अध्याय काढला. मन भरून आलं होतं. म्हणाले, "अक्का, आजपासून पहिला अर्धा तुम्ही वाचायचा. तो तुमचाच आहे. काल बघितलं मी. दुसरा मी वाचते."

त्या हसल्या. "नको गं. मी माझाच वाचते."

"पण का?"

अक्का खाली अंगणात बघत राहिल्या. संपचं झाकण उघडं टाकलेलं होतं.

"सेक्रेटरीने विचारलं, सगळा वेळ पाहत होतात का," त्या म्हणाल्या. "कशाला पाहत होते ते नाही विचारलं. तू अजून उठली नव्हतीस. पुस्तक मांडीवर उघडं होतं, वाचायचं सोडून मी त्याच्या हातातल्या कॅनकडे बघत होते. संपच्या दिशेने आला ना, तेव्हा मनात म्हटलं, ओत. उचल झाकण आणि ओत. म्हणजे जाशील एकदाचा इथून. डोळ्याची पापणी नाही लवली माझी. त्याने स्कूटरमध्ये ओतलं तेव्हा मला वाईट वाटलं, खरं सांगते. हळहळले मी."

मी त्यांच्या पट्टीवर हात ठेवला.

"म्हणून एवढं खंडित सांगता आलं," त्या म्हणाल्या. "वाच आता. कॉफीला उशीर होतोय."

खाली स्कूटर सुरू झाली. मी खिडकीकडे पाठ करून बसले आणि ‘पण’पर्यंत वाचलं. अक्कांनी ‘पण’ म्हटलं, आणि त्या दिवशी पुढचा अर्धा आम्ही दोघींनी मिळून वाचला, हळू आवाजात.